बाबा म्हणतात दोन

३ मार्च

धाकटे,

'पत्रास कारण की' एवढं लिहून तीन कागद फाडले. सात वर्षांनी पत्र लिहायचं आणि वर कारण काही नाही म्हणायचं, हे कुणाला पटणार? म्हणून कारण गाळते आणि सुरू करते. तुझा फोन नंबर बदललाय. पत्ता तुझ्या जुन्या घरमालकीणबाईंकडून काढला. त्यांच्यावर चिडू नकोस. मी ड्यूटीवरच्या आवाजात विचारलं, त्यांनी जिन्याच्या पायऱ्यांसकट सांगून टाकला.

मी बरी आहे. वजन वाढलंय, गुडघे कुरकुरतात, चष्मा जाड झालाय. दोन वर्षांपासून वॉर्डाची मुख्य सिस्टर आहे. आमचा वॉर्ड म्हणजे बरं न होणाऱ्यांचा. इथे औषध आजारावर नसतं, दुखण्यावर असतं. लोक विचारतात, तुम्हाला उदास वाटत नाही का हो? मी म्हणते, वाटायला वेळ कुठेय, सोळा खाटा आणि तीन नर्स!

आता जरा बढाई मारते, ऐकून घे. तुझी ताई पन्नाशीला टेकली आणि संशोधन करतेय. हसू नकोस. गोष्ट साधी आहे. दर चार तासांनी सिस्टर पेशंटपुढे एक पट्टी धरते, शून्य ते दहा. शून्य म्हणजे दुखत नाही, दहा म्हणजे याहून जास्त दुखूच शकत नाही. पेशंटने आकडा सांगायचा. पूर्वी आकडा कितीही येवो, डॉक्टर येईपर्यंत थांबायचं. माझ्या पद्धतीत आकडा चार किंवा वर गेला की सिस्टरनेच मॉर्फीनचा वरचा डोस द्यायचा, डॉक्टरांनी आधी लिहून ठेवलेल्या मर्यादेत, तिथल्या तिथे. साठ पेशंटवर हे करून दाखवायचंय. आकडे खाली आले तर हॉस्पिटल ही पद्धत सगळ्या वॉर्डांना लावणार.

आणि येताहेत गं बाई खाली! सहा नंबरच्या खाटेवर एक ट्रक ड्रायव्हर आहे, आम्ही त्याला भोंगा म्हणतो. आला तेव्हा ओरडून मजला डोक्यावर घ्यायचा, नऊच्या खाली बात नाही. आता विचारलं की शहाण्यासारखा म्हणतो, "तीन, सिस्टर." दोन आठवड्यांत वॉर्डाची सरासरी सातावरून तीनावर आली. आमच्या मेट्रनबाईंनी वीस वर्षांत मला शाबास म्हटलेलं नाही. परवा माझी वही उघडून बघितली आणि न बोलता पाठीवर थाप मारून गेल्या.

बाबांना जरा बरं नाही. पाठ धरलीय. माझ्याच वॉर्डात ठेवून घेतलंय, म्हणजे डोळ्यांसमोर राहतात. काळजीचं कारण नाही.

उत्तर दिलंस तर बरं वाटेल. नाही दिलंस तरी ठीक.

ताई


९ मार्च

धाकटे,

उत्तर नाही. कुरियरवाल्याने पोच दाखवली, सही तुझीच आहे, ते मुंगळे मी कुठेही ओळखेन. म्हणजे पत्र हातात पडलं. वाचलंस की तसंच कचऱ्यात टाकलंस ते तुझं तुला माहीत.

वाचलं असशील तर तुला तेव्हाच उमगलं असेल. वर लिहिलं की हा वॉर्ड बरं न होणाऱ्यांचा, आणि खाली लिहिलं की बाबांना त्यात ठेवलंय. मी खोटं बोलते तेव्हा ते असं अर्धवट बोलते, तू लहानपणापासून सांगत आलीस.

बाबांना कॅन्सर आहे. प्रोस्टेटमधून निघाला, आता मणक्यात आणि कमरेच्या हाडांत आहे. डॉक्टर महिने म्हणत नाहीत, आठवडे म्हणतात. हाडांचं दुखणं वाईट. ड्रायव्हर बोंबलायचा तो उगाच नाही.

आणखी एक कबूल करते. बाबा माझ्या अभ्यासात आहेत. एक्केचाळीस नंबर. स्वतःच्या बापाला कुणी अभ्यासात घेतं का? माझ्या गाइडबाई नको म्हणाल्या होत्या. पण बाबा हटून बसले. "एक्केचाळिसावा मिळेना म्हणून कपाळावर आठ्या घालून हिंडतेस ना? घे मला." संमतीपत्र चार पानी आहे, कुणी वाचत नाही, सही ठोकतात. बाबांनी भिंग मागवलं. तीस वर्षं दुकानादुकानांतून वजनकाटे तपासलेला माणूस तो, वाचल्याशिवाय सही करेल होय! शेवटच्या ओळीशी थांबले. "आकडे खाली आले तरच तुझं काम पास?"

मी म्हटलं, "पास-नापास नसतं हो बाबा. पण हो, तसंच काहीसं."

"बरं," म्हणाले आणि सही केली.

पण तुला खरंच सांगते, त्यांना दुखत नाहीये. दोन म्हणतात. संध्याकाळी कधी तीन. एकदा अडीच म्हणाले. मी म्हटलं, बाबा, पट्टीवर अर्धे नाहीत. तर म्हणाले, "मग दोन लिही, गिऱ्हाइकाच्या बाजूने." नर्सेसना हसवतात. मेट्रनबाईंना विचारलं, "तुमच्या औषधखोलीतल्या काट्याला शिक्का कधी मारलाय?" बाई गोऱ्यामोऱ्या झाल्या.

आईचं झालं तसं या वेळी होऊ दिलेलं नाही. एवढंच तुला कळावं असं वाटलं. येऊन बघ, हसताना दिसतील. ये ना.

ताई


१४ मार्च

धाकटे,

घाईत लिहितेय, अक्षर समजून घे.

आमच्या वॉर्डात चादरी बदलणाऱ्या मावशी आहेत, माझ्याही आधीपासूनच्या. आज दुपारी चादरींच्या खोलीत मला खूण करून बोलावलं, दार लोटलं आणि म्हणाल्या, "सिस्टर, रागावणार नसाल तर एक दाखवते." पदराखालून बाबांचा टॉवेल काढला. त्याचा एक कोपरा चावून चावून चाळण झाला होता. कडेला सुकलेलं रक्त होतं, हिरड्यांचं.

मी म्हटलं, "हे काय?"

"तुम्ही नसता तेव्हा तोंडात धरतात. तुमच्या ट्रॉलीचं ते चाक वाजतं ना, ते ऐकलं की काढून उशीखाली घालतात. मला म्हणाले, पोरीला बोललीस तर याद राख."

"कधीपासून?"

"आल्यापासून, ताई."

सिस्टर म्हणणारी बाई ताई म्हणाली. चादरींच्या ढिगावर बसले. अठ्ठावीस दिवस झाले त्यांना येऊन. दिवसातून सहा वेळा पट्टी. मीच नव्हे, सगळ्या पोरींनी विचारलं, आणि सगळ्यांना एकच, दोन, कधी तीन.

मग मी बूट काढले, ट्रॉली तिथेच ठेवली आणि नुसत्या मोज्यांवर त्यांच्या पडद्यापाशी गेले. फटीतून बघितलं. ते मी तुला लिहिणार नाही. मी हजार माणसं बघितली आहेत तशी, पण तो चेहरा बाबांचा होता.

पडदा सारला. क्षणात हसले. खरंच गं, कसलेल्या नटाला जमणार नाही असे. "बिनट्रॉलीची आलीस? दोन, दोन."

"बाबा, टॉवेल."

"दात शिवशिवतात."

डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी विचारलं, दोन. कमरेला हात लावला, बाबांच्या कपाळावर घाम आला, तरी दोन. वरचा डोस देऊ म्हटलं, तर "नको, मला झोप येते त्याने." डॉक्टर मला बाहेर घेऊन गेले. म्हणाले, "सिस्टर, माणूस शुद्धीवर आहे आणि नको म्हणतोय. जबरदस्तीने सुई कशी टोचू?" बरोबरच आहे. ज्यांना बोलता येत नाही त्यांचा आकडा आम्ही चेहऱ्यावरून लावतो. बोलणारा नको म्हणाला की चेहऱ्याचं कोण ऐकणार?

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना. इथे तोंडही तेच दाबून धरताहेत. का, ते मला कळत नाहीये. म्हणजे कळतंय, पण लिहवत नाही.

तू ये. भांडायचं तर मागाहून भांड.

ताई


१७ मार्च

धाकटे,

आज जे कळलं ते तुला नाही तर कुणाला सांगू? गाइडबाईंना सांगायची हिंमत नाही.

टॉवेल बघितल्यापासून मला प्रत्येक आकड्याचा संशय यायला लागला. आज ड्रायव्हरला पट्टी दाखवली. "तीन, सिस्टर." मी पट्टी खिशात घातली, स्टूल ओढलं आणि म्हटलं, "भाऊ, खरं सांगा. कुणाला लिहिणार नाही."

मग त्याचे ओठ वाकडे झाले. "आठ आहे हो, सिस्टर. खाली येतच नाही."

"मग तीन का सांगता?"

"आजोबा म्हणाले."

आजोबा म्हणजे आपले बाबा. चालता येत होतं तोवर हे आपले वॉकर घेऊन खाटेखाटेपाशी गेले. पोरीचं पुस्तक पास व्हायचंय, म्हणाले. ती चांगली पोर आहे, तुमचं हागणंमुतणं काढते, तिच्यासाठी एवढं करा. आकडे खाली सांगा. आणि पुढचं ऐक. सगळ्यांनी एकच आकडा सांगायचा नाही, असंही बजावलं. "सगळी मापं एकसारखी बरोबर निघाली की समजायचं, दुकानदाराने आदल्या दिवशी बदललीत. दोन, तीन, मध्येच चार. आणि रोज थोडं थोडं खाली." आयुष्यभर ज्या खोड्या पकडल्या त्या सगळ्या वॉर्डाला शिकवल्या, अगं! सहा जणांना. त्यातली दोघं आता नाहीत. ती दोघं दुखत दुखत गेली, माझ्या वहीत तीन आणि अडीच लिहून. अडीच नाही, बघ, माझंही डोकं चालत नाही.

मला राग आला. बाबांचा गळा धरावा इतका. आणि मग त्यांचं ते मनगटाचं हाड बघितलं आणि हातावर पांघरूण ओढून दिलं. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणावं, तर ते कुंपण माझ्यावरच्या मायेचं. चार हा आकडा मी ठरवला. त्याच्या खाली सांगितलं की औषध नाही, हे मी ठरवलं. माझ्यासाठी आकडे खाली यायला हवेत, हे मी चार पानं छापून त्यांच्या हातात दिलं. आता दोष कुणाला देऊ?

वही बंद करायला हवी. उद्या मेट्रनबाईंना सांगायला हवं. सांगितलं की दोन वर्षं पाण्यात, ती एक वेळ सोड. पण मग सिस्टरने स्वतः डोस द्यायची मुभाही जाईल. परत डॉक्टरांची वाट, परत ते घड्याळ. आणि नाही सांगितलं तर चार माणसं आज रात्रीही टॉवेल चावतील.

तूच सांग काय करू. ओरड हवं तर माझ्यावर. काहीतरी कर.

ताई


२१ मार्च

धाकटे,

सांगून टाकलं. मेट्रनबाईंनी ऐकलं, चष्मा काढला, परत घातला. "सगळेच आकडे?" म्हणाल्या. मी म्हटलं, कुठले खरे आणि कुठले प्रेमाचे, मला वेगळे करता येत नाहीत. अभ्यास बंद झाला. वही कपाटात गेली. सिस्टरची मुभा काढून घेतली. डॉक्टर भला माणूस आहे, त्याने त्याच दुपारी प्रत्येकाच्या कागदावर स्वतंत्र लिहून दिलं, पेशंटने सांगितलं की द्या, दर चार तासांनी देता येईल. ड्रायव्हरला पहिली सुई दिली तेव्हा त्याने माझा हात धरून ठेवला. म्हणाला, "माफ करा, तुमचं पुस्तक बुडवलं." मी म्हटलं, "गप झोपा." बाकीचे तिघंही खरं बोलायला लागले.

बाबा म्हणतात, दोन.

"बाबा, अभ्यास बंद झाला. वही गेली. आता कशाला?"

हसले. "ही युक्ती माझी आहे. शेजारच्या दुकानदाराने सगळं कबूल केलंय, तूही कर. तीस वर्षं हेच बोलून लोकांना पकडलं मी." मेट्रनबाईंना बोलावून त्यांच्या तोंडून सांगितलं. त्या गेल्यावर म्हणाले, "बाई चांगल्या आहेत, तुला साथ देतात." काय करायचं या माणसाचं? पाया पडले. रडले. ओरडले, सगळा वॉर्ड ऐकत होता. ते माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "दोनच आहे गं, मोठे. उगाच का जीव काढतेस?" तो हात डोक्यावर धरवत नव्हता त्यांना.

आता जे सात वर्षं तोंडातून काढलं नाही ते लिहिते. आई दुखण्याने ओरडत होती. तू म्हणालीस, ताई, दे काहीतरी. मी म्हटलं, सहा तासांनी द्यायचं लिहिलंय, अजून दोन तास आहेत. औषधाच्या कपाटाची किल्ली माझ्या कमरेला होती. तू माझ्या कमरेला हात घातलास आणि मी तुझा हात पिरगळला. तू म्हणालीस, "तू नर्स आहेस की घड्याळ?" बाबा तुझ्यावरच ओरडले, मोठीला नियम कळतात, तू गप्प बस. दोन तास पुरे व्हायच्या आत आई गेली. आठवड्यात तू घर सोडून गेलीस.

तुझं बरोबर होतं. डॉक्टरांना फोन करून मी वेळ बदलून घेऊ शकले असते. घाबरले. नोकरी जाईल, साहेब काय म्हणतील. हा सगळा अभ्यास, ही पट्टी, हे सगळं त्या दोन तासांसाठी होतं, आणि त्यातूनच मी बाबांना परत तिथेच आणून ठेवलं.

माझ्यासाठी येऊ नकोस. मी तोंडही दाखवणार नाही, तू असेपर्यंत खालच्या मजल्यावर बसेन. पण तू विचारलंस तर ते खरं सांगतील. तुझ्यासमोर त्यांना कधी खोटं बोलता आलंय? तू लहान असताना तुझ्या भुवया चढल्या की बाबा खिशातली लिमलेटची गोळी काढून द्यायचे. आणि तुझी वही नाही. तुझं त्यांनी काही पास करायचं नाहीये. ये गं. तुझ्या पाया पडते.

ताई


२६ मार्च, गुरुवार

धाकटे,

तू आली नाहीस. म्हणून मी एक पाप केलं, ते तुझ्या नावावर आहे, तेव्हा तुला कळायला हवं.

मंगळवारी सकाळी बाबांनी पाणीही थुंकलं. जबडा उघडेना. मी चादरींच्या खोलीत गेले, कागद घेतला, डाव्या हाताने तुझे मुंगळे काढले. "बाबा, ताईचं पत्र मिळालं. किती दुखतंय ते मला कळवा. तिला नको, मला. तिच्या वहीशी माझं काही देणंघेणं नाही. आणि सुई घ्या, नखरे करू नका. धाकटी." पाकिटात घातलं, थोडं चुरगाळलं आणि नेऊन दिलं.

त्यांनी भिंग मागितलं. हातात धरवेना, मी धरलं. दोनदा वाचलं. मग तोंडातून टॉवेल स्वतःच्या हाताने काढला, माझ्यासमोर, पहिल्यांदाच. "अक्षर नाहीच सुधारलं," म्हणाले आणि रडायला लागले. मी कधी बघितलं नव्हतं त्यांना रडताना.

"तिला लिही," म्हणाले, "नऊ."

मी पेन काढलं.

"तुझ्या वहीत दोनच घाल. तिला लिही नऊ. आणि लिही, तिच्या आईचंही नऊच होतं. घड्याळाकडे मीही बघत होतो. मोठीला बोललो असतो तर मोठी मोडली असती, म्हणून धाकटीला बोललो. लिही असं."

लिहिलं. सुई दिली. अर्ध्या तासात त्यांच्या पायाची बोटं सुटली. महिनाभर ती आवळलेली होती, पांघरुणाखाली, आणि मी कधी पांघरूण काढून बघितलं नाही. मी आकडा विचारत होते. ते झोपले. तोंड उघडं टाकून, घोरत. मी तिथेच खुर्चीत बसून हुंदके दिले, मावशींनी चहा आणून दिला तो गार झाला.

दोन वाजता जागे झाले. पट्टी धरली.

"दोन."

"बाबा! धाकटीला काय कळवू?"

"तिने विचारलंय?"

कळलं तुला? ते मला सांगत नाहीत. तुझं पत्र आलं तर तुला सांगतात. म्हणून मी दुसरं लिहिलं. मग सहाचं. रात्रपाळीच्या पोरीकडे दोन पाकिटं ठेवून गेले. तीही बिचारी काही न विचारता वाचून दाखवते. नऊ, आठ, मग सात, काल संध्याकाळी सहा. दोन दिवसांत मी तुझी बारा पत्रं लिहिली.

पण त्यांना नुसता प्रश्न पुरत नाही. ते विचारतात. तिला विचार, घर कसं आहे? मुलं आहेत का? सकाळी उठल्यावर शिंका येतात का अजून? तुझ्या खिडकीतून काय दिसतं? मला काय माहीत! मी ठोकून देते. मंगळवारी खिडकीतून मोठं झाड दिसतं असं लिहिलं. काल विसरले आणि समोर गल्ली आहे, मुलं खेळतात असं लिहिलं. बाबांनी कागद उजेडाकडे धरायला लावला, मागून बघितला. अगं, तीस वर्षं खोटी वजनं हातात घेतलेला माणूस तो, त्याला मी फसवायला निघाले.

आज सकाळी सहाचं पत्र वाचून दाखवलं. डोळे मिटून ऐकलं. मी विचारलं, "काय लिहू तिला?"

म्हणाले, "लिही, दोन."

दहाला परत. दोन. सुई नको. टॉवेल परत तोंडात आहे, आता माझ्यासमोरही काढत नाहीत. डॉक्टर म्हणतात, चार दिवस, फार तर पाच.

तू येऊ नकोस, ठीक आहे. फोन करू नकोस. मला माफ करू नकोस, मी मागतही नाही. दोन ओळी लिही फक्त. तुझ्या खिडकीतून खरंच काय दिसतं ते लिही, आणि खाली विचार, बाबा, किती? कुरियर आत्ता निघतंय, शनिवारी तुझ्याकडे पोचेल. तू लगेच लिहिलंस तर सोमवारी सकाळी इथे.

आत्ता पावणेदोन वाजलेत. दोनचं पत्र मला आता लिहायचंय. धाकटे, तोवर मी काय लिहू?

ताई